दारात हरवलेला डावा हात

“मिस्तरी, माझा डावा हात कुठं गेला?”

गुणाजीमामा गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवरच होता. लकवा मारल्यापासून तो तिथंच असायचा, कुणीतरी पिशवी ठेवून विसरल्यासारखा. पण मामा त्या हाताबद्दल विचारत नव्हते. ते कॅसेटमधल्या हाताबद्दल विचारत होते.

मामा मूळचे टेंभुर्णीचे, गायन पार्टीतले ढोलकवाले. ढोलकाला दोन तोंडं. उजवीकडं बारीक टणटण, डावीकडं जाड धुम्म. जाड बाजूवर तळहात घासत नेला की आवाज वाकतो, त्याला घिस्सा म्हणतात. मामांचा घिस्सा सुरू झाला की भोकरदनच्या बाजारातले बैल माना डोलवायचे, असं लोक सांगायचे. लोक म्हणजे बहुतेक मीच.

ही चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा तेव्हा लेकीकडं परतूरला राहायला आल्ते. लेक उज्ज्वला मॅडम, शाळेत शिक्षिका. त्यांनी जुनी छोटी कार घेतली. जयंतीच्या कार्यक्रमात मामांनी वाजवलेल्या ढोलकाची घरात एकच कॅसेट उरली होती. ती कुणाकडून तरी मोबाइलमध्ये भरून घेतली. पण मोबाइलचा स्पीकर नखाएवढा. त्यातून टणटण येते, धुम्म येत नाही.

म्हणून गाडीत स्पीकर बसवायला मॅडम मामांना घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि मला बाजूला घेतलं. “आबा म्हणून राह्यलेत, मला डावा हात कधी नव्हताच, लोक उगी वाहवा करायचे. त्यांना तो एकदा ऐकू आला पाहिजे.”

“ऐकू? मॅडम, दिसंल!” मी म्हणालो.

तोंड मोठं होतं, कारण नावही मोठं होतं. काळ्यापिवळ्या जीपांच्या जमान्यात मी बसवलेली टेप परतुरात लागली की सेलूच्या स्टेशनात कपातला चहा हलायचा. ड्रायव्हर लोक दुकानापुढं बाकड्यावर बसून कॅसेटी निवडायचे. प्लायवूडचा भुसा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास कपड्यांतून आठवडाभर जायचा न्हाई. बायको म्हणायची, नवरा न्हाई, कपाट केलंय मी. काय दिवस होते! आता गाडी येतानाच पुढं टीव्हीएवढा स्क्रीन घेऊन येते, आणि आम्हाला हात लावू देत नाहीत.

तर पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची नवे स्पीकर टाकले. गाणं लावलं. टणटण एकदम साफ. धुम्म गायब.

“दाराची गडबड आहे, मामा,” मी म्हणालो. आणि खरंच असते. स्पीकर पुढून हवा ढकलतो, तेव्हा पाठीमागून उलटी हवा निघते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठाली भोकं असतात. मागची हवा त्यातून पुढं येते आणि पुढच्या हवेला खाऊन टाकते. म्हणून भोकं बुजवायची, पत्र्याला आतून जाड डांबरी शीट चिकटवायची, आणि स्पीकरखाली प्लायवूडची रिंग घालून तो घट्ट आवळायचा. दार असं झालं पाहिजे की वाजवलं तर डब्यासारखं न्हाई, भिंतीसारखं वाजलं पाहिजे.

अर्धा दिवस खपलो. दार लावलं तर बँकेच्या तिजोरीसारखा आवाज आला. पत्र्याची फडफड बिलकुल बंद.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. “दार झ्याक झालं. हात न्हाई आला.”

मंग अॅम्प्लिफायर काढला. म्हणजे गाण्याला जोर देणारा डबा. बेसचं बटण शेवटपर्यंत पिळलं. दारं थरथरली, समोरच्या टपरीवरचा कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेला. पण सीटवर बसलेल्या माणसाच्या कानात धुम्म न्हाई म्हणजे न्हाई.

मामा हळूच म्हणाले, “राहू दे बाबा. नसंलच तो हात. मला वाटायचं, आहे म्हणून.”

मॅडम खिडकीतून दुसरीकडं बघायला लागल्या. जिंदगीत इतके स्पीकर लावले, पण गिऱ्हाईक स्वतःवरच शंका घेऊन चाललंय, असं कधी झालं नव्हतं.

“एक मिनिट बसा,” म्हटलं, आणि स्पीकरच खराब निघाला का बघायला ड्रायव्हरच्या दारातला काढला. गाणं चालूच होतं. मी वायर उपटली.

धुम्म!

मामा सीटवरून वीतभर उडाले. “आला! आला माझा हात!”

मी वायर परत लावली. गेला. काढली. आला. एक स्पीकर कमी केला आणि बेस वाढला! असं फक्त एकाच कारणानं होतं, आणि ते कळल्यावर मला दाराच्या भोकात तोंड घालावंसं वाटलं. पण भोकं मीच बुजवली होती.

स्पीकरला दोन वायरी असतात, प्लस आणि मायनस. एका दारात मी त्या उलट्या जोडल्या होत्या. बंद पडलेल्या जीपला एकानं पुढून आणि एकानं मागून ढकलावं, तसं. एक स्पीकर हवा ढकलतो, त्याच वेळी दुसरा ओढतो. जाड आवाज जागीच मरतो, बारीक तेवढा वाचतो. आणि जुनी कॅसेट एकाच माइकवर भरलेली, म्हणजे दोन्ही दारांत आवाज अगदी सारखा. मरायला अजूनच सोपा.

घड्याळातला पेन्सिल शेल, प्लसला प्लस धरून, वायरींना टेकवून बघायचा असतो. स्पीकरचा कागदी पडदा बाहेर उडाला तर जोड बराबर, आत ओढला तर उलटा. दोन सेकंदांचं काम. ते मी केलं नव्हतं. मला काय गरज, सेलूचा चहा हलवणाऱ्याला?

वायरी बदलल्या. आता दोन्ही दारं एकदम बोलली. डांबरी शीट, रिंग, सगळ्याचं चीज झालं. आवाज कानात न्हाई, बरगड्यांत वाजत होता.

“कंपनीनंच वायरीचे रंग उलटे दिलते, मामा,” मी म्हणालो.

“आमचा पेटीवाला चुकला की असाच पेटीकडं रागानं बघायचा,” मामा म्हणाले. मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर लागला.

मामांनी कॅसेटची अख्खी बाजू ऐकली. घिस्सा आला की हळू म्हणायचे, “लै वाजवायचो की गं मी.” प्रत्येक घिस्स्याला तेवढंच.

तुमच्या गाडीच्या दारातून बेस येत नसेल तर लगेच मोठे स्पीकर घेऊ नका. आधी बॅलन्सचं, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचं, बटण एका बाजूला पूर्ण फिरवा. एकाच स्पीकरवर बेस वाढला, तर खराबी गाडीत न्हाई, मिस्तरीत आहे.