आबांची पाहणी

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात सुलक्षणा चार वर्षांपासून सासऱ्यांचं करते. तोताराम आबांची डावी बाजू लुळी. उठवणं, अंघोळ, जेवण, लघवीचं भांडं, सगळं तिच्याकडे. नवरा सुरतेला गिरणीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा करणाऱ्याला महिना दोन हजार देण्याची योजना निघाली, तेव्हा तिने अर्ज केला. पैसे मिळाले तर घरी राहता येणार होतं. नाही तर कापूस वेचायला जाऊन आबांना दिवसभर एकटं टाकावं लागणार होतं.

पाहणीला प्रेमराज नावाचे साहेब येणार म्हटल्यावर तिने कोणतीही सून करील तेच केलं. घर सारवलं, आबांची दाढी करवली, धुतलेलं धोतर नेसवून, टोपी घालून त्यांना उशांना टेकवून बसवलं. आबांचीही एक रीत होती: पाहुण्यापुढे घरचं दुखणं मांडायचं नाही, सगळं ठीक आहे म्हणायचं. साहेबांनी तब्येत विचारताच ते म्हणाले, "माले काय व्हयनं? बठ्ठं बराबर शे. चहा ल्या."

साहेबांनी चहा घेतला आणि 'वृद्ध धडधाकट' असा शेरा मारून अर्ज नामंजूर केला.

तिने फेरपाहणी मागितली. कचेरीतल्या कारकुनाने आपुलकीने सल्ला दिला, की आठ दिवस त्यांना अंघोळ घालू नका. तिसऱ्या दिवशी आबांनीच न्हाव्याला निरोप धाडला.

मग फेरपाहणीला साहेबांची मोटारसायकल वळणावर दिसताच ती समोरच्या लताबाईंकडे जाऊन बसली. आबांनी पुन्हा बठ्ठं बराबर असल्याचं सांगितलं. दहा मिनिटांनी त्यांना लघवीला लागली. घरात तिसरं कुणी नव्हतं. साहेबांनी फाइल कोनाड्यात ठेवली, भांडं शोधलं, आबांना काखेत धरलं. आबांचं धोतर वाचलं नाही, साहेबांची पँटही वाचली नाही. खिडकीतून पाहत लताबाई म्हणाल्या, "आते लिखीच तो."

साहेबांनी लिहिलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं: वृद्ध पूर्णतः परावलंबी असल्याची समक्ष खात्री केली. मात्र पाहणीच्या वेळी सेवा करणारी व्यक्ती जागेवर आढळली नाही. सबब अर्ज नामंजूर.

"काय लिखेल शे?" आबांनी विचारलं.

"तुमी पास व्हयनात, आबा. मी नापास."

आबा उजव्या बाजूने हसले. सुलक्षणाने पाण्याचा तांब्या आणि भांडं त्यांच्या उजव्या हाताला पुरेल असं ठेवलं आणि वेचणीची झोळी कमरेला बांधली.