आधी टेल

किसनतात्या पंगत वाढायला घ्यायचे ती शेवटच्या पानापासून. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मी हे पहिल्यांदा पाहिलं. मांडवात वरच्या अंगाला वराकडचे पाहुणे आणि आमची भावकी, आणि पार खाली, चुलाणाच्या धुरात, वाजंत्री आणि पाणी भरणारी माणसं. तात्यांनी लाडवांची परात उचलली आणि सरळ धुराकडं निघाले. आमचे आप्पा, म्हणजे माझे सख्खे चुलते, मांडवभर ऐकू जाईल असे ओरडले, "तात्या, पावणं हिकडं बसल्यात!"

"बसू द्या की, राव," तात्या मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाले. "वरच्याच्या पानात लाडू नसला तर दहा जण पळत्यात. खालच्याचं पान रिकामं ऱ्हायलं, तर कुनाला दिसतं?"

आप्पांनी दातओठ खाल्ले, पण लग्नघर म्हणून गप्प बसले. तो राग त्यांनी किती वर्षं पोटात ठेवला हे मला पुढं कळलं.

तात्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मला गावाचा राग आहे, आप्पांचा आहे, थोडा तात्यांचाही आहे, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आहे. तेव्हा ज्यांना गोडगोड वाचायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

तात्यांचं जुन्नरच्या जुन्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी, एक काचेचं कपाट आणि डोळ्याला लावायचं भिंग. सकाळच्या एसटीनं जायचे, दुपारच्या एसटीनं परत यायचे आणि मग शेतात. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, चारीच्या अगदी तोंडाशी. नव्वदच्या दशकात आमच्याकडं कालवा आला, कालव्यातून गावाला चारी निघाली. चारीच्या तोंडाकडची शेतं म्हणजे हेड आणि शेवटची म्हणजे टेल. हेडला आम्ही, टेलला खालची वाडी. चारी खणताना वाडीच्या जमिनी गेल्या, पाणी मात्र वाडीला दिसलं नाही. आम्ही ऊस भिजवायचो, द्राक्षं भिजवायचो, बांध फुटून रस्ता भिजायचा, आणि वाडीच्या चारीत शेळ्या बसायच्या. असं का, हे आमच्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर शाळेत मास्तर.

विचारलं ते तात्यांनी. गावची पाणी वापर संस्था निघाली तेव्हा अध्यक्ष व्हायला कुणी पुढं येईना, म्हणून तात्यांना उभं केलं. घड्याळवाला माणूस, काय करणार आहे, असा सगळ्यांचा हिशोब. माझं अक्षर बरं म्हणून मी सचिव. पहिल्याच बैठकीत तात्या म्हणाले, "ह्या पाळीपासनं आधी टेल. शेवटचं शेत भिजलं की त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. मी आन् ही हेडची मंडळी सगळ्यात शेवटी."

एकच गोंधळ झाला. कुणीतरी म्हणालं, ओझरला जाऊन विघ्नहरापुढं शपथ घेऊ, मग बघू. तात्या म्हणाले, "गणपतीला कशाला मधी घालताय? त्येचं शेत हाय का चारीवर? सह्या करा."

सह्या झाल्या, कारण तात्यांचंच शेत हेडला होतं आणि त्यांच्याविरुद्ध बोलायला तोंड राहिलं नाही. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. चारीतून वरच्या शेतांकडं पाणी वळवायच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली दिली टेलच्या भागाबाईकडं. भागाबाई विधवा, एक एकर माळाची जमीन, सगळ्यांत शेवटची. तिचं शेत भिजल्याशिवाय किल्ली वर यायची नाही. आणि दुकानात गिऱ्हाईकं दुरुस्तीला देऊन विसरून गेलेली जी घड्याळं होती, ती चालू करून त्यांनी वाडीतल्या घराघरात वाटली. कुणाची पाळी किती तास, हे आता हेडवाल्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्या भावकीतलं कुणी अर्धा तास वाढवून मागायला आलं की तात्या मनगट पुढं करायचे. "घड्याळाला भावकी नसती, राव."

आणि चाललं ते! भागाबाईच्या माळावर कांदा झाला. आमचाही ऊस वाळला नाही, कारण पाणी मोजून घेतलं तर सगळ्यांना पुरतं, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या गावची माणसं बघायला यायची. बैठकीत तात्या बोलायचे, सगळे हात वर करायचे, आणि मी रजिस्टरात लिहायचो, 'एकमताने मंजूर'. इतक्या वेळा लिहिलं की ते दोन शब्द माझा हात आपोआप लिहायचा.

मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी एकदाच सुटणार, एकच पाळी मिळणार असं कळलं. मारुतीच्या सभामंडपात बैठक बसली. आप्पा उठले. "द्राक्षबाग एकदा जळाली की गेली. कांदा काय, म्होरल्या साली परत लावता येतो. फकस्त ह्या एका पाळीला पानी वरनं सुरू करू."

"भागाबाईला इचारलं का?" तात्या म्हणाले. भागाबाई पायरीशी बसली होती, वाडीची आणखी पाचसहा माणसं तिच्या मागं उभी.

"तिला काय इचारायचं? आन् तुमी लई वर्सं अध्यक्ष झालात, तात्या. आता दुसऱ्याला बसू द्या."

दोन्ही गोष्टींचा एकच ठराव झाला. हात वर गेले. हेडचे आणि मधले सगळे, ज्यांनी इतकी वर्षं तात्यांच्या ठरावांना हात वर केले तेच. वाडीतल्या कुणाचाच गेला नाही. तात्या माझ्याकडं वळले. "गुरुजी, तुमचं काय?"

मी म्हणालो, "मी सचिव आहे, तात्या. मी फक्त लिहितो."

किती भित्रा माणूस असावा! आणि मी लिहिलं, 'एकमताने मंजूर'. मुद्दाम नाही, खरंच सांगतो, सवयीनं. खाली मान घालून लिहिलं आणि रजिस्टर मिटलं.

किल्ली द्यायला भागाबाई तयार नव्हती. आप्पांनी तात्यांना सांगितलं, तिच्याकडून आणून द्या. "माझी न्हाईच ती, मी कशी देऊ?" एवढंच तात्या बोलले. मग भरदुपारी आप्पांनी घण घालून कुलूप फोडलं. सगळं गाव बघत होतं. भागाबाई दुसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन पाण्याच्या ऑफिसात तक्रार करायला गेली. साहेबांनी रजिस्टर मागितलं. मीच ते पिशवीत घालून घेऊन गेलो होतो. त्यांनी पान उघडलं आणि म्हणाले, "बाई, एकमतानं लिहिलंय. म्हणजे तुमचाही हात वर होता. आता मी काय करू?"

तात्यांनी खरं काय ते सांगितलं. साहेब म्हणाले, "मला कागद बघावा लागतो, भाऊ." भागाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीत बसलेलो. उठून एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, माझी चूक झाली. ते न बोलता मी रजिस्टर परत पिशवीत घातलं. माझी बदली, माझी भावकी, माझे आप्पा, काय काय डोक्यात आलं देव जाणे.

त्या उन्हाळ्यात भागाबाईचा कांदा उभा जळाला. ती पुढं दोन वर्षं ओतूरला दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली. तात्यांचं शेत हेडला, पाणी बांधाशी आलेलं, पण त्यांनी शेतात पाणी घ्यायचं आपलं बारं उघडलं नाही. त्यांचाही कांदा गेला. लोक हसले.

मी त्यांच्या दुकानात गेलो आणि भांडलोच. "तात्या, मला शिव्या का देत नाही? आणि स्वतःचं शेत जाळून काय मिळवलंत?"

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "शेत जाळलं ते रागानं जाळलं, गुरुजी. ते काय शानपन न्हाई. आन् तुमाला शिव्या कशा देऊ? सवय मीच लावली. मी बोलायचो आन् तुमी हात वर करायचात. मला लई बरं वाटायचं. आता दुसरा बोलला, तवा त्येच्यासाठी बी केलात. एकदा तरी कुनी 'तात्या, तुमचं चुकतंय' म्हनायला पायजे व्हतं. मी कुनाला तेवढी जागाच ठिवली न्हाई."

मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही पूर्ण पटत नाही, कारण तोंड काही तात्यांनी शिवलेलं नव्हतं.

दोन वर्षांनी तात्या दुकानातच गेले, हातात कुणाचं तरी घड्याळ होतं. तेराव्याला गावाच्या वेशीवर हा एवढा फ्लेक्स लागला, 'दूरदृष्टीचा नेता हरपला', खाली आप्पांचा फोटो तात्यांपेक्षा मोठा. आप्पा शोकसभेत रडले. खरं पाणी काढलं डोळ्यातून! मग त्यांनी ठराव मांडला, चारीच्या दाराला किसनतात्यांचं नाव द्यायचं. दार तेच, ज्याचं कुलूप घणानं फोडलं, आणि पाणी अजूनही वरूनच सुरू व्हायचं.

सगळे हात वर गेले. आप्पा म्हणाले, "लिहा गुरुजी, एकमतानं."

मी उभा राहिलो. म्हणालो, "माझा विरोध आहे. आधी दाराला कुलूप लावा, किल्ली भागाबाईला द्या, टेलला पाणी सोडा. मग नाव द्या. आणि त्या वर्षीचा ठराव एकमतानं नव्हता. मी खोटं लिहिलं होतं."

आप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. ठराव बहुमतानं मंजूर झाला, नावाची पाटी लागली, पाणी वरूनच सुटत राहिलं. मी रजिस्टरात माझं नाव विरोधात लिहिलं. त्या संस्थेच्या रजिस्टरातला तो पहिला विरोध.

उठून बाहेर आलो तर पायरीशी भागाबाई. कंबरेच्या पिशवीतून तिनं ती जुनी किल्ली काढली. कुलूप फोडल्याला दोन वर्षं होऊन गेली, पण किल्ली तिनं टाकली नव्हती. मला वाटलं, मला देते की काय. तिनं ती नुसती दाखवली आणि परत पिशवीत ठेवली.

"बोललात, बरं केलंत," ती म्हणाली. "पन गुरुजी, त्या दिसी ऑफिसात बोलला असता, तर माझा कांदा वाचला असता."