डाव्या बाजूचा पुढचा टायर

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐका.

द्वारका चौकात माझं टायरचं दुकान. नव्वदच्या दशकात नाशकात माझं नाव होतं — टायरवर नुसता हात फिरवून मी त्याचं वय सांगतो म्हणे. आणि सांगायचोही. म्हणजे चुकून झालं, अशी सबब मला नाही.

इंदिरानगरच्या साठेकाकांकडे एक लाल, उघडी, दोन माणसांची विलायती गाडी होती. पस्तीस वर्षांची. कारखान्यातून रिटायर झाल्यावर काकांनी ती स्वतःच्या हातानं उभी केली. राहिले होते फक्त टायर — तसला बारीक साइज आपल्याकडे मिळतच नव्हता. देशी गाडीचा एक टायर बसत होता. ताजा, मजबूत. पण रुंद, गाडी जरा बेढब दिसायची. काका म्हणाले, "तू म्हणशील ते बसव. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे."

मग बसवायचे ना देशी? पण मला मिरवायचं होतं. विलायती गाडीला विलायतीच टायर — कुठून पैदा केले रे, असं सगळ्या मार्केटनं विचारायला हवं होतं. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडे चार मिळाले. कधीच न वापरलेले, नक्षी कोरी करकरीत. आणि बाजूला केसासारख्या बारीक चिरा. रबर नुसतं पडून पडूनही म्हातारं होतं. बोट लावलं आणि मला कळलं. कळलं — आणि मी वरून काळं पॉलिश मारलं.

काका-काकू त्र्यंबकेश्वरला निघाले. चार चाकांखाली चार लिंबं मीच ठेवली. नारळही मीच फोडला. दुकानासमोर गाडीचा फोटो काढून घेतला, काय तो माझा थाट!

वाटेत एका वळणावर पुढचा डावा टायर फुटला. गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली. काकूंचं मनगट मोडलं.

दोन दिवसांनी काका तो टायर घेऊन रिक्षानं दुकानात आले. "माझंच चुकलं रे. वळणावर वेग जास्त होता. तुझे चांगले टायर वाया घालवले मी."

टायर बरोबर चिरांवरून फाटला होता. मी बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आणि मी काय म्हणालो? — "होतं काका. वय झालं की हात जड होतोच थोडा."

काकांनी गाडी विकून टाकली. पुन्हा कुठल्याच स्टिअरिंगला हात लावला नाही. दहा वर्षं रिक्षानं फिरले.

काका गेले. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. काकूंनी त्याच वाकड्या मनगटानं चहाचा कप पुढे केला. म्हणाल्या, "ह्यांच्या हातून झालं, पण मी कधी बोलून दाखवलं नाही हो. तरी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं त्यांनी."

तेव्हा तरी? — नाही. मी कप घेतला आणि चहा पूर्ण प्यायलो.