आन्मेल्डुंग नसलेला प्रेक्षक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. पोलिसांत जावं असा गुन्हा नव्हे. तुम्ही कदाचित हसालही. पण ते अजून माझी पाठ सोडत नाही.

माझे वडील, अण्णा, कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हटलं की लोक कुस्तीचं विचारतात, अण्णा मात्र फुटबॉलवाले. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून बारा वर्षं बचावफळीत खेळले, गुडघा गेला तेव्हाच थांबले. पाच वर्षांपूर्वी ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत आले. इथल्या क्लबचं छोटंसं स्टेडियम आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. लीगच्या एका सामन्याला मी त्यांना घेऊन गेलो — उभ्याने बघायच्या स्टँडवर, ऑफिसातल्या मंडळींबरोबर.

काय झालं तिथे? खरं तर काहीच नाही. अण्णा माकडटोपी घालून आले होते. त्यांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली, रेफरीला पेठेतल्या अस्सल शिव्या दिल्या आणि गोल झाल्यावर शेजारच्या अनोळखी जर्मन आजोबांना मिठीच मारली. आजोबा खूश! त्यांनी अण्णांना क्लबचा मफलर घेऊन दिला. माझा टीमलीड मार्कुस पोट धरून हसत होता. कौतुकानं हसत होता, की — मी त्याला कधी विचारलं नाही. मी खाली मान घालून उभा होतो. मला माझ्या बापाची लाज वाटत होती.

आमचा हा चिमुकला क्लब त्या वर्षी युरोपच्या स्पर्धेतही खेळत होता आणि घरच्या मैदानावर मोठा सामना ठरला होता. क्लबच्या सदस्यांच्या सोडतीत मला दोन तिकिटं लागली. अण्णांचं परतीचं विमान सामन्यानंतर चार दिवसांनी होतं. त्यांनी काही विचारलं नाही, धरूनच चालले. मफलर हातानं धुऊन हीटरवर वाळत घातला.

आणि मी — चहा गाळता गाळता — म्हणालो, “अण्णा, युरोपच्या मॅचला आन्मेल्डुंग लागतं.”

आन्मेल्डुंग म्हणजे इथल्या पत्त्याची सरकारी नोंद. बँकेपासून इंटरनेटपर्यंत सगळीकडे लागतं, म्हणून हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून शंभरदा ऐकला होता. पाहुण्यांकडे ते नसतं हेही त्यांना ठाऊक होतं. मॅचसाठी असला काही नियम नव्हता. गाळणं हातात धरून मीच तो तयार केला होता. त्यांनी दोनदा विचारलं असतं तर मी तिथेच उघडा पडलो असतो. पण जर्मनीत नियम म्हटला की पुढे विचारायचं नाही — हे मीच त्यांना शिकवलं होतं, कचऱ्याच्या डब्यांपासून.

“असं हाय व्हय,” ते म्हणाले. “मग नियम म्हंजे नियम. तू तुज्या त्या सायबाला घिऊन जा. ह्यो मफलर त्येला घाल, थंडी हाय.”

मी मार्कुसला घेऊन गेलो. त्यानं मफलर मागितलाही नव्हता, मीच घातला त्याच्या गळ्यात. सामन्यातलं मला फारसं आठवत नाही.

घरी आलो तर अण्णा बाल्कनीत, जिथे स्टेडियमचा गलका ऐकू येतो. दोन स्वेटर, दुखरा गुडघा, आणि पहिल्या शिट्टीपासून उभे. “आपलं दोन, त्यांचा एक,” ते म्हणाले. “आणि तिसरा मारल्याला, पर ऑफसाइड दिला. वरडा झाला आन् मधीच मोडला. बरोबर न्हवं?” सगळं बरोबर होतं. अगदी क्रमसुद्धा.

परत गेल्यावर त्यांनी तालमीत जर्मनांच्या शिस्तीचं तोंडभर कौतुक केलं म्हणे. सख्ख्या बापालासुद्धा आत सोडत नाहीत! भाऊ फोनवर हसत हसत सांगत होता. मीही हसलो.

मार्कुस केव्हाच कंपनी सोडून गेला. ऑफिसातलं आता कुणी स्टेडियमवर येत नाही, मी एकटाच जातो. म्हणजे आता तर लाजायलाही कुणी उरलेलं नाही. यंदा क्लब पुन्हा युरोपात आहे आणि अण्णा पुन्हा यायचं म्हणताहेत, सत्त्याहत्तराव्या वर्षी. गेल्या रविवारी फोनवर त्यांनी बिचकत, मला अडचण नको अशा बेतानं विचारलं, “तो नियम आजून हाय का रं?”

ते थांबले होते.

“हो अण्णा,” मी म्हणालो. “अजून आहे.”