कलाबाईनं दोरीवर टांगलेलं दान

मखमलाबाद रस्त्याला मळा असलेल्या कलाबाईला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या, झेंडूचं पीक आणि तोंड. भाव पाडून मागणाऱ्याला ती असं काही सुनवायची की तो गपगुमान फुलं घेऊन चालता व्हायचा.

१९९३ साली गणपतीला निरोप देऊन लोक झोपले आणि पहाटे किल्लारीला भूकंप झाला. वस्तीतल्या मंडळाचा मांडव अजून उभाच होता. अध्यक्ष ललितनं तिथंच कपडे गोळा करायला सुरुवात केली. त्याला नगरसेवक व्हायचं होतं, म्हणून प्रत्येक गाठोड्याला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आणि वर लाउडस्पीकरवरून पुकारा. झालं! पितृपक्ष लागलेला, त्यात फुकटात नाव. अख्ख्या वस्तीला दानाचं भरतं आलं.

दसरा तोंडावर होता, फुलं तोडणीला आली होती, तरी कलाबाई कपडे निवडायला आली. पहिलंच गाठोडं सोडलं आणि तिचं डोकं फिरलं. बिनहुकाची झंपरं, एकटाच मोजा, कुणाच्या तरी गॅदरिंगमधला राक्षसाचा झगा. एका वकिलीणबाईंनी तर फरशी पुसायचं फडकं धुवायचेही कष्ट घेतले नव्हते. घर पडलं म्हणजे माणसाची अब्रूही पडली, असं या शहाण्यांना वाटत होतं की काय!

एकोणसत्तरच्या पुरात गोदावरीनं कलाबाईचं घर नेलं, तेव्हा ती नवी नवरी होती. मदतीत मिळालेलं झंपर पाठीवर उसवलेलं निघालं. जेवणाच्या रांगेत ती दोन दिवस भिंतीला पाठ लावून सरकत होती. ते झंपर देणारीला तिनं अजून माफ केलं नव्हतं.

"मावशी, निवडत काय बसलात? भरा सगळं," ललित म्हणाला. "उद्या ट्रक निघताना पेपरवाले येणारेत. शंभर पोती तरी दिसली पाहिजेत."

"अरं, त्या बायांनी हे अंगावर घालायचं हाय. चिंध्या हायेत नुसत्या!"

"नसल्यापेक्षा बरं ना?"

"मग तू घाल," असं म्हणून तिनं राक्षसाचा झगा त्याच्या हातात दिला.

मग तिनं मांडवाच्या बांबूंना दोरी बांधली आणि सगळ्या चिंध्या चिठ्ठ्यांसकट रस्त्याकडे तोंड करून टांगल्या. त्यात एका चिठ्ठीवर नाव निघालं कारभारीचं, म्हणजे तिच्याच नवऱ्याचं. सून मंजुषानं परस्पर फाटक्या चादरी पाठवल्या होत्या.

"आई, आपलं तरी नका ना टांगू," मंजुषा काकुळतीला आली.

कलाबाईनं ते बरोबर मधोमध टांगलं.

सकाळी दूध आणायला निघालेल्यांनी आपापली नावं वाचली. तासाभरात दोरी रिकामी. वकिलीणबाई तोंडावर पदर घेऊन आल्या.

"न्या, न्या, तुमच्याच घरात शोभंल ते," कलाबाईनं त्यांना निरोप दिला. काहींनी तिला शिव्या घातल्या, थोड्यांनी मात्र घरी जाऊन बरी लुगडी आणून दिली. पोती भरली जेमतेम तीस. ललित तिच्याशी बोलेना.

ट्रक दहाला निघणार होता. आपल्या घरचंही धड काहीतरी जायला हवं म्हणून कलाबाईनं घरी येऊन ट्रंक उघडली. वर लेकीच्या लग्नात एकदाच नेसलेलं इरकली लुगडं होतं, खाली दोन विटकी. हात आपसूक खाली गेला.

"कले, भवाने, तू पन त्यातलीच व्हय!" वकिलीणबाईलाही दिली नव्हती अशी शिवी तिनं स्वतःला हासडली. इरकली छातीशी धरून ती पळत सुटली आणि शिवून होत आलेल्या शेवटच्या पोत्यात तिनं ते कोंबलं.

ट्रक वळणाआड जाईपर्यंत तिला ते लुगडं परत हवंहवंसं वाटत होतं, आणि त्या वाटण्याची तिला भयंकर लाज वाटत होती.