वरणातील केसाचा शास्त्रोक्त तपास

वरणात केस सापडणे ही केवळ एक घटना आहे. तिला भांडणाचे स्वरूप देण्याची आवश्यकता नसते. हे वाक्य मी सकाळी जेवताना उच्चारले आणि भांडण सुरू झाले.

केस माझ्या ताटात निघाला होता. वरण पत्नीने शिजवले होते. फोडणी लातूरहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, आक्काने, दिली होती.

"माझा न्हाई," आक्का म्हणाली. "मी काय केस सांडत फिरून राहिले का?"

"मग माझा हाय म्हणता का, आक्का?"

"मी नाव घेतलं का कुणाचं? तीनच्या गाडीनं चालले मी लातूरला. परत ह्या घरात पाय ठेवणार न्हाई!"

आक्का पिशवी भरू लागली. सुदैवाने मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्याच दुपारी नववीला ‘गुन्हेतपासातील केस व तंतू’ हा प्रयोग होता. मी दोघींचे पाच-पाच केस घेतले (पत्नीने विंचरून दिले, आक्काने रागाने उपटून!) आणि ‘अ’ व ‘ब’ अशा पाकिटांत ठेवले. वरणातला केस टिपकागदावर वाळवला. तो जेमतेम दोन बोटे लांब होता. दोघींचे केस कमरेपर्यंत. (तुटलेला तुकडा असावा, असे मी शास्त्रीय अनुमान काढले.)

"आक्का, तीनच्या आत निकाल आणतो. तोवर हलू नकोस."

वर्गात मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले: ‘तपासात कोणालाही आधीच वगळू नये.’ मग तबस्सुमने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"सर, हा तुटलेला न्हाई. मूळ हाय ह्याला."

"उत्तम निरीक्षण!"

"मुळाशी पांढरा, वर काळाकुट्ट. रंगवलेला हाय सर!"

माझा हात डोक्याकडे गेला. तो मी खडू शोधण्याच्या निमित्ताने खाली आणला. (माझे केस आवळ्यामुळे काळे आहेत, हे हा वर्ग आठवीपासून ऐकत आला होता.)

"‘अ’शी जुळत न्हाई, ‘ब’शी पण न्हाई. अन् सर, केसाला बारीक तंतू गुंडाळलाय. लोकरीचा. पोपटी."

सगळ्या वर्गाने एकाच वेळी माझ्या गळ्याकडे पाहिले. थंडीचे दिवस होते. गळ्यात आक्कानेच विणलेला मफलर होता. पोपटी! फोडणीचा वास घेण्यासाठी सकाळी पातेल्यावर वाकलो होतो, हे मला तेव्हा आठवले.

अडीच वाजता घरी पोहोचलो. आक्का दारात चप्पल घालत होती.

"आक्का, केस माझा."

तिने पिशवी खाली ठेवून माझ्या हातातला निरीक्षणांचा कागद वाचला. "तरी म्हणलं! पातेल्यात तोंड घालायची ह्याची लहानपणापासूनची खोड. पण ह्याचा केस मुळाशी पांढरा? आवळा म्हणत होता की!"

"कसला आवळा, आक्का? रंगाची पुडी दर महिन्याला मीच आणून राहिले," पत्नी म्हणाली. दोघी एकमेकींना धरून हसल्या. तीनची गाडी आक्काविना गेली.

पुढच्या आठवड्यात प्रयोगवह्या तपासताना तबस्सुमचा निष्कर्ष वाचला: ‘गुन्हेगार संपूर्ण तपासात फळ्याजवळ उभा होता.’ त्यात चूक सापडेना. तिला दहापैकी नऊ गुण दिले. एक अक्षरासाठी कापला.

अक्षर तसे सुंदरच होते.