कानबाईचे स्थिर चित्रण

धरणगावच्या अभिमनने एकवीस वर्षे लग्ने, बारशी आणि मिरवणुका कॅमेऱ्यात धरल्या. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरू लागला. बायकोखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हते. कळले असते तर एकाही लग्नाची ऑर्डर मिळाली नसती. म्हणून त्याने संगणकात एक सॉफ्टवेअर टाकून घेतले. ते चित्रातले ठळक ठिपके पकडायचे, बहुसंख्य ठिपके जिकडे सरकतील ते हाताचे हलणे समजायचे आणि तेवढे पुसून टाकायचे. हात थरथरे, नवरदेव मात्र दगडी मूर्तीसारखा उभा.

श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला झुंबरबाईंच्या अंगात आले. चाळीस वर्षे येत होते. अभिमन अगदी जवळ गेला, त्यामुळे बहुतेक चौकट झुंबरबाईंनीच भरली. सॉफ्टवेअरने घुमणारी बाई स्थिर धरली आणि उरलेले जग हलवले. व्हिडिओ गावभर फिरला. त्यात झुंबरबाई रेशनच्या रांगेत उभ्या असाव्यात तशा शांत होत्या. मागे मारुतीचे देऊळ, विजेचा खांब आणि देवीबिवी न मानणारे रुपचंद मास्तर जोरजोरात घुमत होते.

मास्तरांनी शाळेत रजा टाकली. झुंबरबाई केस बांधून थेट दुकानात आल्या.

"मनी कानबाई कोठे गई रे अभिमन? त्या मास्तरना आंगमा?"

"अक्का, मशीननी चूक शे."

"मंग बिनमशीननं दखाड."

अभिमनने मूळ चित्रण लावले. त्यात बाई, खांब, मास्तर, आभाळ, सगळेच थरथरत होते. झुंबरबाईंनी पडद्यावरून नजर काढून माऊसवरचा त्याचा हात पाहिला.

"तुना आंगमा कितला दिनपासून येस?"

"दोन वरीस, अक्का. डॉक्टर म्हणस, नसनी बिमारी शे."

"डॉक्टरले काय कळस!"

त्या बाहेर पडल्या आणि गल्लीभर सांगत गेल्या. अभिमनने तीन दिवस शटर उघडले नाही. धंदा बुडाला, असे बायकोला सांगून टाकले. चौथ्या दिवशी शटर वर केले तर बाहेर रांग. सर्वांत पुढे नारळ घेतलेले मास्तर.

"बोअरला पाणी लागेल का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"मला काय ठाऊक, मास्तर?"

पण मास्तर त्याच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. त्यांनी थरथरत्या हाताकडे एकटक पाहिले, नारळ काउंटरवर ठेवला आणि मागच्याला जागा करून देत म्हणाले, "लागणार."